नानांच्याच हातानं चालणारा कॉम्प्युटर

मंचरच्या एका कांदा-बटाट्याच्या आडत्याला मी एकदा त्याच्याच पेढीवर हलक्या दर्जाचा करून ठेवला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सारखे व्हायरस यायचे, म्हणून त्याच्या नावाचं खातं मी ‘मर्यादित’ केलं. म्हणजे हिशेब बघता येईल, पण नवीन काही बसवता येणार नाही. शेठजींनी पडद्यावरच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मुनीमजींकडून समजून घेतला. मग पेढीवर बसलेल्या शेतकऱ्यांकडे एकदा बघितलं आणि मला हळू आवाजात म्हणाले, "अरे, पेढी माझी, मशीन माझं, लाइटबिल मी भरतो. आन् मी मर्यादित?"

मी घाबरून त्यांना परत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं आणि मर्यादित मुनीमजींना केलं. मुनीमजींना त्याचं काही वाटलं नाही. अडचण वेगळीच झाली. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायची मालाची बिलं, करायचा प्रोग्रॅम मुनीमजींच्या खात्यात उघडेना. शेठजींच्या खात्यात तो उघडायचा, पण शेठजींना तो वापरता येत नव्हता. त्यानंतर कित्येक महिने शेठजी सकाळी यायचे, पासवर्ड टाकायचे, खुर्चीवरून उठायचे आणि मुनीमजी तिथं बसायचे. दोघंही समाधानी होते. व्हायरसही पूर्वीसारखे यायला लागले.

धंद्यातले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी हे आठवलं आणि मग वाटलं, यात लिहिण्यासारखं काय आहे? डॉक्टरांकडे अनुभव असतात, पोलिसांकडे असतात. माझ्याकडे फक्त न चालणारे कॉम्प्युटर आहेत. शिवाय लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की अजून परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी ओतूरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होतो आणि उरलेल्या वेळात आळेफाट्यावर विलासभाऊंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करत होतो. घर आण्याला, पठारावर. सकाळच्या एस.टी.नं खाली उतरायचं, कॉलेज करायचं, येताना फाट्यावर उतरायचं आणि विलासभाऊ सांगतील त्या गावाला जायचं. तुमचा मुलगा काय करतो, असं आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "बंद पडल्यालं चालू करतो." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

आता ही ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची भानगड काय, ते सांगतो. त्याआधीच्या जुन्या कॉम्प्युटरना ही भानगड नव्हती. जो खुर्चीत बसेल तो मालक. पुढे नवे कॉम्प्युटर आले, त्यात प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं आलं. एक खातं मालकाचं, बाकीची भाडेकरूंची. भाडेकरूला त्याची खोली दिलेली असते, पण त्यानं माळ्यावर जायचं नाही आणि देवघराला हात लावायचा नाही. हे चांगलंच आहे. पण बऱ्याच धंद्यांची सॉफ्टवेअर अशी असत, की त्यांना आपली चप्पल मालकाच्या माळ्यावरच नेऊन ठेवायची सवय. भाडेकरूनं ते सॉफ्टवेअर उघडलं, की ते चप्पल घेऊन माळ्याकडे जाणार, तिथं त्याला अडवणार, आणि मग ते रुसून बंद होणार. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येणार. तिच्यात चप्पल किंवा माळा यांचा उल्लेख नसतो. एक आकडा असतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा यात वाईट हेतू नसतो. त्यानं ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं असतं आणि तिथं तो मालक असतो. स्वतःच्या घरात कुठंही चप्पल काढली, तर कोण बोलणार?

यावर आमच्या धंद्यात एकच इलाज माहीत होता. बसेल त्याला अ‍ॅडमिन करून टाकायचं. विलासभाऊ म्हणायचे, "अ‍ॅडमिन करायचं, चहा घ्यायचा, निघायचं." आम्ही सगळे तसंच करत होतो. दुसरा काही इलाज असतो हे मला शिकावं लागलं, ते सुनंदाताईंमुळे.

ओतूरजवळच्या एका गावातली दूध संस्था. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला रस्त्यात थांबवून बोलतात. संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालायला रांग लागायची. माणूस आपला कोड नंबर सांगणार, किटली काट्यावर ओतली जाणार, फॅट मशीन फॅट सांगणार, आणि ते सगळं कॉम्प्युटरवर घेऊन ऑपरेटर पावती काढून देणार. काम एवढंच. पण ते झरझर व्हावं लागतं, कारण टँकर कुणासाठी थांबत नाही आणि दूधही थांबत नाही.

आधीच्या ऑपरेटरनं त्या कॉम्प्युटरवर इतके सिनेमे भरले होते, की एका सकाळी दुधाला जागाच उरली नाही. कॉम्प्युटर बंद पडला आणि ऑपरेटर गेला. संस्थेनं पुण्याहून नवा कॉम्प्युटर आणला. तो बसवायला आलेल्या माणसानं दोन खाती केली. सचिवांचं पूर्ण अधिकाराचं, ऑपरेटरचं मर्यादित. संचालक मंडळाला ही कल्पना एवढी पटली, की ऑपरेटरला पूर्ण अधिकार देऊ नयेत असा त्यांनी ठरावच करून टाकला. मग नवीन ऑपरेटर म्हणून गावातल्याच सुनंदाताईंना घेतलं. तात्पुरतं. काम बघून कायम करायचं की नाही, ते मंडळाच्या बैठकीत ठरणार होतं.

आणि सुनंदाताईंच्या हातानं प्रोग्रॅम चालत नव्हता.

मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा संध्याकाळचं दूध सुरू होतं. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, दारातच उभे होते.

"आले का कॉम्प्युटरवाले? या. तुमच्या डोळ्यांनी बघा. मी सांगण्यात काय अर्थ न्हाई."

नाना खुर्चीत बसले. रांगेतल्या सगळ्यांना दिसू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा केला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड टाकला. प्रोग्रॅम उघडला. नानांनी माझ्याकडं बघितलं, मग तो बंद केला आणि उठले. सुनंदाताई बसल्या. त्यांनी त्यांचं नाव आणि पासवर्ड न बघता दहाही बोटांनी टाकला. पडद्यावर संस्थेचं नाव आलं, गाईचं चित्र आलं, मग ती चौकट आली आणि सगळं गेलं.

रांगेतून एक सुस्कारा आला. त्यांना हे रोजचं होतं.

"बघितलं?" नाना म्हणाले. "नाव येगळं, पासवर्ड येगळा, मशीन तेच. माझ्या हातानं चालतं, हिच्या हातानं चालत न्हाई. आता हिच्यात वाईट काय न्हाई. पोरगी हुशार हाय. पण हातगुण म्हणून काय असतंच की."

किटली खाली ठेवून शिवरामतात्या नावाचे एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. "हे म्हशीवानी हाय राव. आमची म्हस म्हातारीबिगर कुणाला पाना सोडत न्हाई. मी बसलो की लाथ."

"मग म्हातारी लेकीकडं गेल्यावर काय करता, तात्या?" मागून एकानं विचारलं.

"काय करतो? तिचं लुगडं अंगावर गुंडाळून बसतो. म्हशीला वाटतं तीच हाय."

"मग सुनंदाला नानांची टोपी द्या की घालायला!"

रांग हसली. सुनंदाताईंनी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "द्या. पण मग ठरावावर सहीबी मीच करणार."

रांग आणखी हसली. नानांनी टोपीला हात लावून ती जागेवर असल्याची खात्री केली.

हे मी गंमत म्हणून सांगत असलो, तरी संस्थेनं यावर खरोखरच म्हशीचा इलाज करून बघितला होता. नव्या माणसाला म्हैस बुजते, तेव्हा जुना माणूस काही दिवस गोठ्यात शेजारी उभा राहतो. मग म्हैस सवय करून घेते. तसे नाना रोज पहाटे येऊन पासवर्ड टाकायचे आणि खुर्ची घेऊन ताईंच्या शेजारी बसायचे. मशीन बिनतक्रार चालायचं. सगळे म्हणायचे, सवय लागत चालली. मग एखाद्या दिवशी नाना मुद्दाम घरी थांबायचे. ताई स्वतःच्या नावानं मशीन सुरू करायच्या आणि चौकट यायची. कुणीतरी पळत नानांना बोलवायला जायचं. सगळे म्हणायचे, अजून बुजतंय.

मला कारण लगेच कळलं होतं. पण चाळीस-पन्नास किटल्यांसमोर, वडीलधाऱ्या माणसांना ‘तुमचं चुकतंय’ असं सांगायची मला सवय नव्हती. मी जरा चाचरतच म्हणालो, "हाताचा प्रश्न नाही, नाना. नावाचा आहे. ताईंच्या नावाला परवानगी कमी आहे. मी वाढवून देतो, पाच मिनिटांत होईल."

नानांकडून पासवर्ड टाकून घेतला आणि ताईंचं खातं उघडलं.

"काय करताय?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला अ‍ॅडमिन करतोय. मग सगळं चालेल."

"सगळं म्हंजी?"

"सगळं म्हणजे सगळं. नानांना जे जे करता येतं, ते तुम्हालाही."

"नको," ताई म्हणाल्या.

मी हात थांबवला. तोपर्यंतच्या माझ्या नोकरीत अ‍ॅडमिन व्हायला कुणी नको म्हटलं नव्हतं.

"आधीच्यानं मशीन बंद पाडलं म्हणून ठराव झाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या कुणाच्या हातून काय पुसलं, काय बिघडलं, तर पहिलं नाव कुणाचं? मशीन सगळं उघडं कुणाला व्हतं? सुनंदाला. मला फक्त दूध घ्यायचंय. दुधापुरतं द्या."

"दुधापुरतं देता येत नाही, ताई."

"का बरं? आमच्या विहिरीत चार भाऊबंदांचं पाणी हाय. पाळी आली म्हणून कुणी विहीर नावावर करून मागत न्हाई."

देता येत नाही, असं मी म्हणालो होतो. पण खरं म्हणजे ते देता येतं की नाही हे मला माहीतच नव्हतं. आजवर कुणी मागितलंच नव्हतं.

दूध संपल्यावर त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. बारावी झाल्यावर लग्न झालं, मग सासूबाईंनीच हट्टानं ओतूरला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, हे त्यांनी सांगितलं. "रोज घरी गेले की सासूबाई पहिलं विचारतात, आज चाललं का? काय सांगू त्यांना? सोमवारी बैठक हाय. चेअरमन अण्णांचा भाचा कोर्स करून बसलाय, त्याचं नाव आत्ताच घेतात सगळे. तवर काय झालं तर बघा, सर. न्हाई झालं, तर खुरपं घरात हायच."

आयुष्यात मला कुणी ‘सर’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्यामुळे मला फारच ओझं वाटलं.

मी ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन केला. तो सभ्यपणे बोलला.

"आमच्या ऑफिसमध्ये व्यवस्थित चालतं."

"तुमच्या ऑफिसमध्ये सगळे अ‍ॅडमिन आहेत का?"

"अर्थात."

त्याला काहीतरी जाणवेल असं वाटलं होतं.

"मग करा ना त्यांनाही अ‍ॅडमिन," तो म्हणाला.

"त्यांना नको आहे."

"नको? अहो, सगळे तर मागतात."

"या नाही मागत."

"मग त्यांना समजावा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

विलासभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोकं भांडून घेतात ती गोष्ट तू फुकट देतोयस, आन् बाई नको म्हणती?" मग म्हणाले, "तुला तिथं जायचं तर जा. पण दुकानाच्या वेळेत न्हाई."

मी ओतूरच्या सायबर कॅफेत बसून वाचायला लागलो. इंग्रजी वाचताना मला प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागायचं. कळलं ते असं, की परवानगी ही माणसाला घाऊकच द्यावी लागते असं नाही. एखाद्या फोल्डरला, अगदी एकट्या फाइललाही देता येते. अमक्याला या जागी लिहिता येईल, बाकी कुठं नाही. फक्त ती परवानगी द्यायचं पानच कॉम्प्युटरनं लपवून ठेवलेलं असतं. एका भलत्याच ठिकाणची खूण काढल्यावर ते दिसायला लागतं. आणि कुठली जागा, हे शोधायला एक छोटा मोफत प्रोग्रॅम मिळाला. दुसरा एखादा प्रोग्रॅम कुठं कुठं हात घालतो आणि कुठं त्याला नकार मिळतो, याची तो ओळीनं नोंद दाखवत जातो. कुणाच्या तरी मागं माणूस लावावा, तसं. तो मी सीडीवर घेतला. मला आनंद झाला होता, पण तो सांगावा असं आजूबाजूला कुणी नव्हतं. कॅफेवाल्याला सांगितलं. त्यानं अर्धा तास झाला एवढंच सांगितलं.

सोमवारी सकाळचं दूध गेल्यावर मी संस्थेत पोचलो. कॉलेजात त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, ते बुडवलं. बैठक दुपारी होती. नानांनी पासवर्ड टाकून दिला आणि ते खुर्ची घेऊन बसले. मी ताईंच्या नावानं दुधाचा प्रोग्रॅम सुरू केला आणि त्याच्या मागं माझा माणूस लावला.

शेकडो ओळी धावल्या. त्यात नकाराच्या मोजक्याच होत्या. सॉफ्टवेअर आपलं सगळं सामान स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवत होतं, पण ते फोल्डर मालकाच्या भागात होतं. ताईंच्या नावानं त्या एका फोल्डरला लिहायची परवानगी दिली. तिथं ‘सर्वांना’ असाही पर्याय होता आणि तो सोपा होता. पण ताईंनी दुधापुरतं मागितलं होतं, म्हणून मी तेवढंच, त्यांच्याच नावाला दिलं.

"बसा, ताई."

ताई बसल्या. नाव आलं, गाय आली, आणि प्रोग्रॅम उघडला. चौकट आली नाही. ताईंनी माझ्याकडं न बघता नानांकडं बघितलं.

"थांब," नाना म्हणाले. "पावती काढून बघ."

दूध नव्हतं, म्हणून एका किटलीत पाणी आणून काट्यावर ओतलं. ताईंनी एक कोड टाकला, पावती काढली. छापली गेली. दुसरी काढली. तीही छापली. मग ताईंनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्हींवर पावती नंबर एकच होता.

"बघा," नाना म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, असं मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. पण दुःखही नव्हतं. "मनापास्नं सोडत न्हाई अजून."

बैठकीसाठी बाहेर जाजम अंथरायला सुरुवात झाली होती. पुन्हा मागावर माणूस लावला आणि पावती काढायला सांगितली. या वेळी नकाराची एकच ओळ आली. शेवटच्या पावतीचा नंबर लक्षात ठेवायला त्या सॉफ्टवेअरनं एक इवलीशी फाइल केली होती आणि ती नेऊन ठेवली होती ती कॉम्प्युटरच्या अगदी देवघरात. पूर्ण देवघर उघडण्याची गरज नव्हती. त्या एका फाइलला, ताईंच्या नावानं, परवानगी दिली.

पावती निघाली. पुढचा नंबर. आणखी एक. त्याच्या पुढचा नंबर. ताई पाण्याच्या पावत्या काढत राहिल्या. थांबायलाच तयार नव्हत्या.

नानांनी त्यातली एक डोळ्यांजवळ धरून वाचली. "फॅट शून्य," ते म्हणाले. "इतकी खरी पावती या डेअरीत पहिल्यांदाच निघाली असंल."

"मग आता मला कुठं कुठं जाता येतं?" ताईंनी मला विचारलं.

"त्या एका फोल्डरमध्ये आणि त्या एका फाइलमध्ये. बाकी कुठंच नाही."

"पुरे," त्या म्हणाल्या.

बैठकीला मला थांबवून घेतलं, कारण चेअरमन अण्णांना प्रत्यक्ष विचारायचं होतं. मंडळी जाजमावर बसली. शिवरामतात्या संचालक होते, हे मला तेव्हाच कळलं. ऑपरेटरचा विषय येण्याआधी चहा आला. ताईंनी कप माझ्यापुढं ठेवला आणि वाकल्या वाकल्याच विचारलं, "सर, तुमी काय सांगणार?"

"जे झालं ते. हातगुण वगैरे काही नाही, परवानगीचा प्रश्न होता, सोडवला. कुणीही बसलं तरी तसंच होईल."

"तुमचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण तुमी तसं सांगितलं, तर उद्या भाचा बसंल." आणि पुढच्या माणसाला चहा द्यायला गेल्या.

मला हे सुचलंच नव्हतं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गुंतलो होतो.

विषय निघाला. नानांनी उभं राहून सांगितलं, की आज मशीन सुनंदाच्या हातानं चाललं, त्यांनी स्वतः समोर बसून बघितलं. "इतके दिवस पहाटं उठून शेजारी बसलो, त्याचा हा गुण हाय. मशीनला सवय लागली." पाच-सहा जणांनी माना हलवल्या. शिवरामतात्या म्हणाले, "मी पहिल्यापास्नं काय सांगत व्हतो?"

चेअरमन अण्णा माझ्याकडं वळले. अण्णा कमी बोलणारे, पण विचारतील ते मुद्द्याचं. "काय हो, पावणं. एक सांगा. हिच्या जागी उद्या दुसऱ्या कुणाला बसवलं, तर चालंल का मशीन?"

सगळे माझ्याकडं बघत होते. ताई दाराशी रिकामा ट्रे धरून उभ्या होत्या. खोटं बोलायला मी फार कच्चा आहे. बोललो की चेहऱ्यावर दिसतं. म्हणून मी मनात एक वाक्य जुळवलं आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे ना, हे तपासून घेतलं.

"नाही चालणार," मी म्हणालो. "आत्ता जी परवानगी आहे, ती सुनंदाताईंच्याच नावाला आहे. दुसरं माणूस स्वतःच्या नावानं बसलं, तर ताईंना आला तोच त्रास त्यालाही येणार."

"म्हंजी परत पहिल्यापास्नं?"

"पहिल्यापासून."

तो त्रास काढायला मला किती वेळ लागेल, हे अण्णांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"परत नाना शेजारी बसणार," एक जण म्हणाला.

"माझ्यानं आता पहाटंचं व्हायचं न्हाई," नाना घाईनं म्हणाले.

अण्णांनी जाजमाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर रांग, टँकर आणि बहीण, तिन्ही असावीत. मग म्हणाले, "जाऊ द्या मग. चाललंय ते कशाला बुजवायचं? राहू द्या तिलाच."

ठराव नानांनी लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात म्हटलं होतं, की सचिवांच्या मार्गदर्शनाखाली यंत्रास श्रीमती सुनंदा यांची सवय झाल्याने त्यांना ऑपरेटर पदावर कायम करण्यात येत आहे. सूचक शिवरामतात्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. परवानगी, फोल्डर किंवा आळेफाटा यांचा त्यात उल्लेख नव्हता.

त्यानंतर मी शेकडो ठिकाणी हे काम केलं. नारायणगावच्या पतसंस्थेत, मंचरच्या औषध दुकानात, घोडेगावच्या खतांच्या दुकानात. अ‍ॅडमिन करून निघायच्या ऐवजी मी मागावर माणूस लावत बसायचो, म्हणून विलासभाऊ माझ्यावर चिडायचे. गिऱ्हाइकांनाही ते पटायचं नाही. पाच मिनिटांच्या कामाला हा दोन तास लावतो, असं त्यांना वाटायचं. ज्यांचं सगळं पुढे नीट चाललं, त्यांचा फोनच कधी आला नाही. त्यामुळे माझं काम चांगलं होतं की नाही, हे मला नक्की कधीच कळलं नाही. पुण्याच्या त्या सॉफ्टवेअरवाल्याला मी दोन जागांची नावं सविस्तर लिहून पाठवली होती. पुढच्या आवृत्तीत त्यानं गाईचं चित्र बदललं.

त्या सोमवारी मात्र मी एस.टी. सोडून संध्याकाळच्या दुधाला थांबलो. मला बघायचं होतं.

रांग लागली. बातमी गावात पसरलेली होती, त्यामुळे किटली नसलेली माणसंही आली होती. रांगेच्या बाजूला एक वयस्क बाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि खुर्चीकडं एकटक बघत होत्या. त्या सासूबाई असाव्यात, असा मी अंदाज केला. ताई खुर्चीत बसल्या. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आडोसा केला नाही. मग प्रोग्रॅम उघडला.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. दुधाच्या वेळेला तसं कुणी करत नाही.

नानांनी सवयीनं भिंतीजवळची खुर्ची उचलली आणि ताईंच्या शेजारी आणून ठेवली.

"नाना, तुमी घरी जा," ताई म्हणाल्या.

"बसतो की घडीभर. नवीन हाय. बुजंल."

"बुजू द्या," ताई म्हणाल्या. "माझं मी बघते."

नानांनी खुर्ची उचलून परत भिंतीला लावली आणि कोणत्या बाजूनं बाहेर पडावं ते न कळल्यासारखे रांगेच्या कडेनं चालत गेले. इतक्या वर्षांत दूध घालणाऱ्यांच्या त्या बाजूला ते बहुधा आलेच नव्हते.

ताईंनी मान वर केली.

"पुढं कोण हाय? कोड बोला."